दहापैकी तीन

आमच्या गावातल्या एलिमेंटरी शाळेला दहापैकी तीन गुण आहेत. हे गुण कोण देतं, कशाचे देतं, ते मोजताना काय धरलं आणि काय सोडलं, हे आमच्या अख्ख्या खानदानात कोणाला माहीत नाही. पण 'तीन' हा आकडा मात्र पुण्यापासून डॅलसपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. आत्या फोनवर विचारते, "अगं, तुमची शाळा ती तीनवालीच ना? मग लेकीला तिथेच ठेवलंयस अजून?" जणू काही मी मुलीला गळक्या छपराखाली बसवलंय!

ताजं निमित्त असं, की माझा मावसभाऊ न्यू जर्सीत घर घेतोय. सध्या आमच्याच गावात भाड्याने राहतो, मुलगा चार वर्षांचा आहे. गड्याने घरांची एक्सेल शीट केली आहे आणि प्रेमाने सगळ्यांना पाठवली आहे. किंमत, प्रॉपर्टी टॅक्स, स्टेशनपर्यंतचं अंतर, देवळापर्यंतचं अंतर आणि शेवटच्या रकान्यात शाळेचा आकडा. सातच्या खालची सगळी घरं लाल. आमचं गाव सबंध लाल. त्याला जे फोनवर सांगायचं होतं ते धड सांगता आलं नाही, कारण मध्येच वहिनी म्हणाली, "ताई, तुमचं सगळं बरोबर असेल हो, पण नऊ ते नऊच ना?"

नाही वहिनी. नऊ ते नऊच नसतात. ते का, हे आज सविस्तर लिहिते आहे. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. जानेवारी २००२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' नावाच्या कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचनाची आणि गणिताची परीक्षा घ्यायची, पुढे हायस्कूलमध्ये आणखी एकदा घ्यायची, आणि निकाल शाळेच्या नावानिशी जाहीर करायचा, असा तो कायदा. ध्येय काय, तर २०१३-१४ सालापर्यंत देशातली शंभर टक्के मुलं 'प्रोफिशियंट' म्हणजे ठरलेल्या रेषेच्या वर. शंभर टक्के! कालच इंग्रजी बोलायला लागलेलं मूलही त्यात आलं आणि मतिमंदत्व किंवा वाचनदोष असलेली बहुतेक मुलंही आली. त्यातही गंमत अशी, की परीक्षा राज्याची आणि रेषाही राज्यानेच आखायची. ज्याला दंड होणार त्याच्याच हातात पट्टी दिली. मग काही राज्यांनी रेषा कुठे आखली असेल ते सांगायला नको.

शंभर टक्के अर्थातच झाले नाहीत. २०११ मध्ये ओबामा सरकारने राज्यांना सवलती द्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा आला, 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स'. शिक्षा-बक्षिसांचा कारभार बराचसा राज्यांकडे गेला. पण तिसरी ते आठवीची वार्षिक परीक्षा तशीच राहिली, आजही आहे. घरं दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर स्वयंपाकघराच्या फोटोखाली जो दहापैकी आकडा येतो, त्याचा मोठा आधार हीच परीक्षा. अलीकडे त्यात इतरही गोष्टी मिसळतात, पण मुळात रस तिचाच.

आता हा टक्का म्हणजे नक्की काय ते बघू. एका लहान शाळेत तिसरीत साठ मुलं आहेत असं धरा. यंदा सत्तावीस मुलं रेषेच्या वर गेली, म्हणजे पंचेचाळीस टक्के. पुढच्या वर्षी एकतीस गेली, म्हणजे जवळजवळ बावन्न टक्के. सात टक्क्यांची झेप! प्रिन्सिपलबाईंचा सत्कार, स्थानिक पेपरात फोटो. प्रत्यक्षात काय झालं? चार मुलं. दोन भावंडं दुसऱ्या गावाला गेली, एक डॉक्टरची जुळी नव्याने आली, संपला चमत्कार. मुख्य म्हणजे ही मुलं तीच नाहीतच. गेल्या वर्षीची तिसरी यंदा चौथीत गेली. आपण दोन वेगवेगळ्या वर्गांची तुलना करून शाळा सुधारली म्हणतोय.

त्याहून वाईट म्हणजे ती रेषा. समजा एक मुलगा वर्षाच्या सुरुवातीला तिसरीत आला तेव्हा त्याला जेमतेम अक्षरं जुळवता येत होती. बाईंनी राबून राबून त्याला दुसरीच्या पातळीचं पुस्तक वाचायला शिकवलं. एका वर्षात दोन वर्षांचा अभ्यास झाला. निकालात तो नापास. शेजारच्या गावात एक मुलगी तिसरीत आली तीच चौथीची पुस्तकं वाचत. वर्षभर शाळेने तिला काही नवीन शिकवलं नाही. निकालात ती पास. पहिल्या शाळेचं काम शून्य धरलं, दुसरीच्या खात्यात नसलेलं काम जमा झालं. हा हिशेब आपल्याकडचा किराणा दुकानदारसुद्धा मान्य करणार नाही. माल किती आला आणि किती गेला दोन्ही बघितल्याशिवाय नफा काढता येतो का?

आणि हा काही माझ्या मनचा सिद्धांत नाही. १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा प्रचंड मोठा सरकारी अहवाल आला होता, सहा लाखांवर मुलांच्या पाहणीचा. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे, हे त्यात निघालं तेव्हा बरेच लोक हादरले होते. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी स्टॅनफर्डचे शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या सुमारे अकरा हजार डिस्ट्रिक्टांचे तिसरी ते आठवीचे निकाल एका मापात बसवले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, एखाद्या डिस्ट्रिक्टातल्या मुलांचे सरासरी गुण आणि तिथल्या घरांची सांपत्तिक स्थिती यांचं नातं अतिशय घट्ट आहे. दोन, तिसरीपासून आठवीपर्यंत मुलं किती पुढे सरकतात याचा आणि पैशाचा संबंध मात्र फारच सैल आहे. म्हणजे श्रीमंत गावातली मुलं पुढे असतात, पण ती तिथे पोचल्यावर जास्त वेगाने पळतातच असं नाही.

शिकागोचं उदाहरण घ्या. शिकागोच्या सरकारी शाळांचं नाव काढलं की आपली मंडळी नाक मुरडतात. रीअर्डन यांच्या २०१७ च्या अभ्यासात तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी पुढे गेलेली दिसली. देशातल्या मोठ्या डिस्ट्रिक्टांमध्ये हा वेग वरच्या टोकाचा होता. पण तिसरीत ती इतकी मागे होती की रेषेच्या हिशेबात शिकागो 'वाईट'च. आपण घोड्याची निवड तो कुठे उभा आहे ते बघून करतोय, पळतो कसा ते न बघता.

आता वाचनाच्या परीक्षेकडे येऊ. 'वाचन' नावाचं एक सुटं कौशल्य असतं, सायकल चालवण्यासारखं, आणि ते चाळीस प्रश्नांत मोजता येतं, असं आपण गृहीत धरतो. १९८८ मध्ये डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी एक साधा प्रयोग केला होता. सातवी-आठवीतली चौसष्ट मुलं घेतली. काही वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉलमधलं कळायचं, काहींना अजिबात नाही. सगळ्यांना बेसबॉलच्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि एका छोट्या लाकडी मैदानावर बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली.

आपल्याला यात नवल वाटायचं कारणच नाही. "नाइटवॉचमनने उरलेली चार षटकं खेळून काढली" हे वाक्य गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कुठल्याही मराठी पोराला कळेल. माझ्या शेजारच्या अमेरिकन वकिलाला दिलं तर तो विचारेल, रखवालदार मैदानात काय करत होता? मग त्याला वाचता येत नाही असं म्हणायचं का? वाचनाच्या परीक्षेत कधी दीपस्तंभावरचा उतारा येतो, कधी शेतावरच्या जत्रेतला, कधी कॅम्पिंगचा. ज्या मुलाचे आईबाबा सुट्टीत समुद्रावर नेतात, संग्रहालयात नेतात, जेवताना गप्पा मारतात, त्याने तो उतारा अर्धा घरीच वाचलेला असतो. ज्याची आई रात्रपाळीला गोदामात आहे, त्याच्यासाठी तो उतारा पहिल्या ओळीपासून परका. परीक्षेत दोघांपुढे एकच स्क्रीन. याला आपण 'प्रमाणित' म्हणतो.

गणिताला भाषा नसते असंही एक लाडकं वाक्य आहे. दर बुधवारी मी तासभर आमच्या शाळेत मुलांबरोबर वाचायला आणि गणितं सोडवायला जाते. गेल्या वर्षी हैतीहून आलेला एक मुलगा होता. चार आकडी बेरजा-वजाबाक्या तोंडी करायचा, माझ्यापेक्षा भराभर. आणि गणित आलं, की अमुकजवळ तीन डाइम आणि दोन निकल आहेत तर एकूण किती. तो गप्प. त्याला बेरीज अडली नव्हती. डाइम म्हणजे दहा सेंट आणि निकल म्हणजे पाच, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यात डाइम आकाराने निकलपेक्षा लहान, म्हणजे अंदाज करावा तर तोही उलटा! मी सांगितल्यावर त्याने पाच सेकंदांत उत्तर दिलं आणि माझ्याकडे 'एवढंच होय?' अशा नजरेने बघितलं. नव्याने देशात आलेल्या मुलाला वाचनाच्या परीक्षेतून एकदा सूट मिळू शकते, पण गणिताच्या परीक्षेला बसावंच लागतं.

आणखी एक वरवर न दिसणारी गोष्ट. 'इंग्रजी शिकणारी मुलं' हा निकालात वेगळा गट असतो, आणि त्या गटाचा टक्का वर्षानुवर्षं खालीच दिसतो. का? तर जे मूल इंग्रजीत तयार होतं ते ठरावीक वर्षांनी त्या गटातून बाहेर पडतं आणि त्याच्या जागी विमानातून कालच उतरलेलं मूल येतं. दवाखान्यातल्या बरे झालेल्यांना घरी पाठवायचं, आणि मग म्हणायचं, या दवाखान्यात बघावं तेव्हा आजारीच माणसं!

बरं, निदान या दबावाने शाळा सुधारतात का? दबावाने काय काय होतं याची नोंद आहे. २००५ मध्ये जेनिफर बूहर-जेनिंग्ज यांनी टेक्सासमधल्या एका एलिमेंटरी शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातानंतर जखमींची जशी वर्गवारी करतात तशी तिथे मुलांची होत होती. जी मुलं पास होणारच ती सुरक्षित. ज्यांचं काही होण्यासारखं नाही ती सोडून दिलेली. आणि रेषेच्या अगदी जवळ तरंगणारी, त्यांच्यावर सगळी मेहनत. शिक्षक दुष्ट होते का? मुळीच नाही. त्यांना जो हिशेब दिला होता त्यात हेच शहाणपणाचं होतं. सर्वात मागे पडलेल्या मुलासाठी म्हणून केलेल्या कायद्याने सर्वात मागच्या मुलाकडे पाठ फिरवायला शिकवलं.

'सेंटर ऑन एज्युकेशन पॉलिसी' या संस्थेच्या २००७ च्या पाहणीत बासष्ट टक्के डिस्ट्रिक्टांनी सांगितलं, की एलिमेंटरी शाळेत भाषा किंवा गणिताचा वेळ वाढवला. चव्वेचाळीस टक्क्यांनी सांगितलं, की त्यासाठी इतर गोष्टींचा वेळ कापला. कशाचा? समाजशास्त्र, विज्ञान, चित्रकला, संगीत, खेळ, आणि चक्क मधली सुट्टी. आता वर सांगितलेला बेसबॉलचा प्रयोग आठवा. माहिती असेल तर वाचलेलं कळतं. आणि वाचनाचे गुण वाढावेत म्हणून आपण नेमकी माहिती मिळण्याचे तास कापतो! गरीब शाळेत हे जास्त होतं, कारण तिथेच दट्ट्या जास्त. श्रीमंत गावात व्हायोलिन चालू असतं तेव्हा इथली मुलं 'मुख्य कल्पना ओळखा'चे कागद भरत असतात.

आणि अटलांटा. तिथल्या शिक्षणाधिकारी बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर वर्षातल्या सर्वोत्तम अधिकारी म्हणून गौरवलं होतं, गुण इतके वाढले होते. २०११ मध्ये राज्याची चौकशी झाली. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार. १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुंतलेले. परीक्षेनंतर दारं बंद करून मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर खोडरबर फिरवला जात होता. २०१५ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवलं गेलं, तेही संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली! बेव्हर्ली हॉल यांचा खटला उभा राहण्याआधीच मृत्यू झाला. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या मुलांना वाचता येत नव्हतं त्यांना कागदावर वाचता येऊ लागलं, आणि म्हणून त्यांना मिळायची ती जादा मदत मिळेना. खोडरबराने त्यांची उत्तरं नाही, त्यांची गरज पुसली.

डॉनल्ड कॅम्पबेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच हे नियम म्हणून मांडून ठेवलं होतं. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा बिघडेल आणि ज्या कामाचं मोजमाप करायचं ते कामही बिघडेल. इंग्लंडने तर हे १८६२ मध्येच करून बघितलं होतं. वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचं अनुदान ठरायचं. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते आणि ते त्या पद्धतीवर तुटून पडले होते. शतक संपेपर्यंत इंग्लंडने ती गुंडाळली. आपण दीडशे वर्षांनी तोच खड्डा नव्या फावड्याने खणला.

आता समोरून येणारा प्रश्न मला दिसतोय. "मग काय, परीक्षाच नकोत? सगळ्यांना पास करा?" नाही. इथे माझं आणि माझ्या काही अमेरिकन मैत्रिणींचं पटत नाही. त्या मुलांना परीक्षेच्या दिवशी घरी ठेवतात. मी ठेवत नाही.

कारण २००२ च्या आधी काय होतं हेही लक्षात ठेवायला हवं. शाळेची सरासरी चांगली असली की आतली काळी मुलं, गरीब मुलं, अपंग मुलं किती मागे आहेत हे कोणाला दिसत नसे. त्या कायद्याने प्रत्येक गटाचा निकाल वेगळा दाखवायला लावला, हे त्याचं खरं पुण्य. २०१५ मध्ये नव्या कायद्याची चर्चा चालू असताना नागरी हक्कांच्या मोठमोठ्या संघटना वार्षिक परीक्षा टिकवा म्हणून सांगत होत्या, ते याचसाठी. मोजलंच नाही तर दुर्लक्ष करणं फार सोपं जातं.

मिसिसिपीची गोष्टही प्रामाणिकपणे सांगायला हवी. अत्यंत गरीब राज्य. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात देशाच्या तळाशी होतं. 'नेप' नावाची एक राष्ट्रीय नमुना चाचणी असते, तिच्या २०२४ च्या निकालात ते राष्ट्रीय सरासरीच्या वर आलं. त्याच २०२४ मध्ये देशातली चौथीची सुमारे चाळीस टक्के मुलं वाचनाच्या प्राथमिक पातळीखाली होती, म्हणजे ही काही लहान गोष्ट नाही. मिसिसिपीने परीक्षा वापरली, तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलांना मागेही ठेवलं, आणि त्यावर वाद आहेत. पण त्याबरोबर शिक्षकांना अक्षर-ध्वनी पद्धतीने वाचन कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण दिलं, शाळाशाळांत मार्गदर्शक पाठवले, मुलांच्या अडचणी बालवाडीपासून हेरल्या. थर्मामीटर लावला आणि औषधही दिलं. नुसता थर्मामीटर लावून 'हिचा ताप तीन, हिच्याशी कोणी खेळू नका' असं पेपरात छापलं नाही.

आपल्याकडचंच 'असर' बघा. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ही पाहणी होते. स्वयंसेवक घरी जातो, मुलाशेजारी बसतो, एक कागद पुढे करतो. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथे मूल अडतं तिथे त्याची पातळी. पाचवीतली दुसरीचं वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये निम्मी होती, करोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर घसरली, २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत सावरली. लाज वाटावी असेच आकडे आहेत. पण त्यात कुठल्या शाळेचं नाव नाही, कुठल्या बाईंची पगारवाढ अडकलेली नाही, कुणाच्या घराची किंमत ठरत नाही. म्हणून खोडरबर कोणाच्या हातात नाही, आणि म्हणून आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

म्हणजे माझं भांडण परीक्षेशी नाही. माझं भांडण आपल्याशी आहे. आपण, म्हणजे इथे आलेली, शिकलेली, बऱ्या पगाराची मराठी मंडळी.

आपण चौथीच्या स्कॉलरशिपपासून गुणांवर वाढलो. आकडा दिसला की आपल्याला तो माणसाची, शाळेची लायकी वाटतो. आणि तो विकत घ्यायची ऐपत आली की आपण विकत घेतो. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत एलिमेंटरी शाळांच्या हद्दीच्या रेषेच्या अलीकडची-पलीकडची घरं ताडून बघितली. गल्ली तीच, फक्त शाळा वेगळी. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त, तर लोक घराला अडीच टक्के जास्त मोजत होते. मग जास्त मोजू शकणारेच त्या बाजूला जातात, त्यांची मुलं परीक्षेत वर येतात, आकडा आणखी चढतो. आणि आपण म्हणतो, बघा, शाळा किती चांगली!

त्यात आपला वाटा अजून एक. त्या नऊवाल्या शाळेतली निम्मीअधिक आपली मुलं शनिवारी-रविवारी गणिताच्या क्लासला असतात. घरी आजी-आजोबा सहा-सहा महिने राहून पाढे घेतात. महिन्याला शेकडो डॉलर आईबाप मोजतात आणि गुण शाळेच्या नावावर जमा होतात. वहिनी, तुम्ही ज्या नवासाठी दीड लाख डॉलर जास्त मोजणार आहात, त्यातले दोन-तीन गुण तुमच्यासारख्याच कुणीतरी क्लासची फी भरून आणलेले आहेत. आपण आपलाच माल आपल्याच खिशातून दुप्पट भावाने परत घेतोय.

आणि मागे काय उरतं? न्यू जर्सीत शाळेचा मोठा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर चालतो. १९९० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'अ‍ॅबट विरुद्ध बर्क' खटल्यात सांगितलं, की गरीब शहरी डिस्ट्रिक्टांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा राज्याने मिळवून द्यावा. त्यामुळे त्या डिस्ट्रिक्टांना आधार मिळाला. पण न्यायालय पैसा आणू शकतं, शेजारी आणू शकत नाही. गेल्या तीन वर्षांत माझ्या मुलीच्या वर्गातून चार भारतीय कुटुंबं उठून गेली. चौघांनाही बाईंबद्दल तक्रार नव्हती. चौघांनाही तीनबद्दल होती. त्यातली एक आई दर महिन्याला विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायची, एक बाबा बुद्धिबळाचा क्लब चालवायचे. दोन्ही बंद पडलं. हैतीच्या त्या मुलाला त्या क्लबात फार गोडी होती. साठ मुलांच्या इयत्तेत चार मुलं म्हणजे किती टक्के, ते वर सांगितलंच आहे. आकडा खाली आला. पुढची मंडळी तो आकडा बघून जातील.

शाळा बघायचीच असेल तर जरूर बघा. पण हे विचारा: इथे तिसरीत आलेलं मूल पाचवीतून जाताना किती पुढे गेलेलं असतं? (राज्ये प्रगतीचे आकडेही प्रसिद्ध करतात, पानं उलटावी लागतात इतकंच.) शिक्षक किती वर्षं टिकतात? विज्ञान आठवड्यातून किती वेळा? मधली सुट्टी किती मिनिटं? पुस्तकं घरी नेता येतात का? वाचायला अडणारं मूल कोणत्या इयत्तेत लक्षात येतं आणि मग त्याच्यासाठी नक्की काय करतात? आणि एक दिवस जाऊन मागच्या बाकावर बसा. बाईंनी प्रश्न विचारल्यावर चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाशी त्या कशा बोलतात ते ऐका. हे काही एक्सेलमध्ये मावणार नाही, पण मुलगा रोज सहा तास त्यातच राहणार आहे.

मावसभाऊ म्हणतो, "ताई, तत्त्वं ठीक आहेत, पण मुलाच्या आयुष्याचा जुगार का खेळू?" प्रश्न खरा आहे, आणि कुठलाही बाप हाच विचारेल. म्हणून तत्त्व बाजूला ठेवून त्याच्याच भाषेत सांगते. ज्या घरात आई-बाबा दोघंही इंजिनियर आहेत, रोज रात्री गोष्ट वाचली जाते आणि आजी व्हिडिओ कॉलवर अंक म्हणून घेते, त्या घरातलं मूल तीनवाल्या शाळेतही त्या रेषेच्या वर जाणार याची शक्यता फार मोठी आहे. तू ज्याच्यासाठी दीड लाख मोजणार आहेस ते तुझ्या घरात आधीच आहे. जुगार असलाच तर तो दुसऱ्याच मुलांच्या आयुष्याचा चाललाय, आणि पत्ते आपण पिसतोय.

घर शेवटी तुमचं, निर्णय तुमचा. नऊवाल्या गावात गेलात तरी मी घरभरणीला येईन, पुरणपोळ्याही करीन. पण निदान त्या एक्सेल शीटमधल्या शेवटच्या रकान्याचं नाव बदला. तिथे 'शाळा' लिहिलंय. तिथे 'शेजाऱ्यांचं उत्पन्न' असं लिहा, आणि मग लाल-हिरवा रंग द्या. तेव्हाही आमचं गाव लालच राहील. फक्त आपण काय रंगवतोय ते तरी नीट दिसेल.

असो. बुधवारची वेळ रिकामी आहे. आठ ते नऊ. इथे जवळपास राहणाऱ्या कोणाला येऊन मुलांबरोबर वाचायचं असेल तर मला जरूर कळवा.